हवा दिसली पाहिजे

डोरले कूलर्स, कॉटन मार्केट, मालक घनश्यामभाऊ.
फेब्रुवारीतच म्हणाले होते,
सोळा पानांचं कॅटलॉग, गेडाम मॅडम,
तुमच्यासाठी तर अर्ध्या तासाचं काम.
मी दर सांगितला. ते हसले,
भाजीवालीनं चुकून सोन्याचा भाव सांगावा तसे.
मग म्हणाले, तुम्ही तर घरच्या आहा.

घरच्या.
हा शब्द ऐकला की आता मी पेन खाली ठेवते.
तेव्हा ठेवलं नव्हतं.

पहिल्या खेपेला त्यांनी चष्मा कपाळावर घेतला:
सगळं बेस आहे, फक्त हवा दिसून नाही राहिली.
मी निळ्या रेघा काढल्या.
हे तर पाणी वाटून राहिलं.
पांढऱ्या काढल्या. धूर.
एका बाईचे केस उडवले.
ही बाई कोण, त्यांच्या मिसेसनी विचारलं.
बाई हटवली, पडदा लावला.
मेहुण्याचं गोंदियाला पडद्यांचंच दुकान,
त्याला कापड खटकलं.

रात्री दीडला मेसेज: जाग्या आहा का?
सकाळी सहाला: लोगो थोडा मोठा.
मग अजून थोडा.
शेवटी लोगो एवढा झाला
की कूलर त्याच्या सावलीत टेकल्यासारखा.

माझा भाऊ मिहानमध्ये आहे.
त्याचा पगार एक तारखेला येतो, न बोलावता,
शेजारच्या मांजरीसारखा.
माझी एक तारीख
कुठल्याच महिन्यात येत नाही.
आई काही विचारत नाही. फक्त
दूधवाल्याचे पैसे मला न सांगता देऊन टाकते,
आणि मला ते कळतं.

अकराव्या वेळी कॅटलॉग छापलं गेलं.
एप्रिलात वर्धा रोडवर फ्लेक्स लागला,
त्यावर माझ्या निळ्या रेघा,
दुसऱ्या खेपेच्या, त्या पाण्यासारख्या.
बिलाचं विचारलं तर,
सीझन आहे ना मॅडम, सोमवारी पाहू.
कुठला सोमवार ते मी विचारलं नाही,
चूक माझीच.

नवतपा लागलेला.
दुपट्टा डोक्यापासून गॉगलपर्यंत गुंडाळून
नंदनवनहून स्कूटीवर गेले.
ओळखलंच नाही त्यांनी.
गिऱ्हाईक समजून स्टूल पुढे केलं,
माठातलं पाणी दिलं,
आणि सगळ्यात मोठा कूलर फुल्लवर लावला:
बसा समोर, हवा तर पाहा!

मी दुपट्टा सोडला.
पर्समधून बिल काढून काउंटरवर ठेवलं.

ते उडालं.
ओल्या वाळ्याचा वास घेऊन
पंपांच्या खोक्यांवरून गेलं,
लक्ष्मीच्या फोटोला अडकून फडफडत राहिलं,
आणि दुकानातला पोरगा बारीक आवाजात म्हणाला,
भाऊ, दिसली ना हवा.

कोणी हसलं नाही. मग मी हसले.
घनश्यामभाऊ स्वतः स्टुलावर चढले,
ते खाली घेतलं, वाचलं,
तीन महिन्यांत पहिल्यांदाच असावं.
अठरा हजार?
मी तर बारा समजून राहिलो होतो.

चौदा मिळाले.
उरलेल्या चारचा कूलर घेऊन जा म्हणाले,
डॅमेज पीस, एका बाजूची जाळी नाही.
मी नाही म्हणणार होते.
वाक्य तयार होतं, आरशासमोर पाठ केलेलं.
पण बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं.

आता तो खिडकीत आहे. आई टाकी भरते.
जाळी नाही तिकडून थेंब उडतात,
थेट कीबोर्डवर.
काल मेसेज आला:
मॅडम, गिझर पण सुरू करून राहिलो,
पाणी गरम दिसलं पाहिजे.
मी लिहिलं, अर्धे आधी.
दोन निळ्या खुणा.
मग ‘टायपिंग’.
मग काहीच नाही.
मग परत ‘टायपिंग’.

मी कीबोर्ड पुसून बाजूला ठेवलाय.